तुरळक ठिकाणी

काल संध्याकाळी टीव्हीवरची मुलगी सांगत होती, पुढच्या चोवीस तासांत ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस. डोंबिवलीच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर मी लसूण सोलत बसले होते. आतून नात ओरडली, "आजी, काय म्हणाली गं ती?" मी ऐकलं, पण उत्तर दिलं नाही. नातीला वाटतं, आजीला हल्ली कमी ऐकू येतं. वाटू दे. म्हातारपणी बहिरेपणाचा हा एक फायदा असतो, उत्तरं द्यावी लागत नाहीत.

आश्विन सरत आला की माझं हे असं होतं. दुःख म्हणावं असं काही नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात, आणि त्या मुंग्या यायच्या आधी जरा वेळ पाय आपला आहे की नाही तेच कळत नाही, तसं. डॉक्टरांना सांगितलं तर ते रक्तदाब मोजणार, म्हणून सांगत नाही. आमच्या इमारतीमागे एकेकाळी भाताची खाचरं होती, तिथे आता गाड्या उभ्या असतात. तरी या दिवसांत मला ओल्या पेंढ्याचा वास येतो. कुठून येतो ते शोधायच्या भानगडीत मी पडत नाही.

मी मूळची ठाण्याची. नौपाड्यात दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं. वडील कचेरीत कारकून, आणि मुलींनीही सातवी पास व्हावं असं मानणारे. समोरच्या घरात रेडिओ होता. आमच्याकडे नव्हता, पण त्यांची खिडकी उघडी असायची, म्हणजे आमच्याकडे होताच म्हणा. बातम्या, गाणी, कीर्तन, सगळं मी त्या खिडकीतून ऐकलं. सतराव्या वर्षी लग्न झालं आणि टिटवाळ्याच्या पलीकडे, काळू नदीच्या अंगाला चाळीसेक घरांच्या गावात जाऊन पडले. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. टिटवाळा तेव्हा म्हणजे गणपती, स्टेशन आणि मग नुसती शेतं.

सासरी मला काहीच येत नव्हतं. तांदळाची भाकरी थापताना फाटायची. डोक्यावरचा हंडा कलंडायचा. मी "गेले होते" म्हटलं की पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसायच्या. "शेरातली सून लई शुद्द बोलते गो, तिला हळूच हाक मारा, मोडंल." टोचून बोलत नसत, नुसती गंमत करत, पण सतराव्या वर्षी गंमतही टोचते. नवरा चांगला होता. त्याला मी 'हे' म्हणायची आणि तो मला काहीच म्हणायचा नाही, नुसता हसायचा. सासरे शांत, थोडे हेकट. आणि सासू. सगळे तिला आय म्हणायचे, म्हणून मीही आय म्हणू लागले. कमी बोलणारी, हाडापेराने मजबूत बाई. तिला रागावताना मी कधी पाहिलं नाही, आणि त्यामुळे ती कधी रागावली आहे हे मला कधी कळलंच नाही.

रेडिओ त्याच वर्षी आला. सरकारी माणसाने जीपमधून आणला आणि मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर कुलपाच्या लाकडी कपाटात बसवला. दोन बांबू उभे करून त्यांच्यावर तार ताणली. स्टेशन एकच लागायचं. सांगितलं, पेटी सरकारची, पण बॅटरी गावाने सांभाळायची. गावात वीज कुठली! मोटारीत असते तसली काळी, जड बॅटरी, ती उतरली की कल्याणला नेऊन भरून आणायची. मग गावकी बसली. ठरलं असं, की खळ्यावर भात झोडलं की प्रत्येक घराने एक अधोली, म्हणजे अर्धी पायली भात रेडिओच्या नावाने बाजूला काढायचं, त्यातून बॅटरी भरायची. आणि ती कल्याणला न्यायची-आणायची घरटी पाळी लावायची. "या खेपंला बॅटरीची पाली कुनाची?" असं एक म्हातारा देवळात मोठ्याने विचारायचा आणि ओट्याखाली बसलेल्या आम्हा बायकांना हसू आवरायचं नाही. बायकांची पाळी घरात, बॅटरीची पाळी गावात, असं एकीने म्हटलं त्यावर आम्ही आठवडाभर हसलो.

दिवेलागणीला सगळं गाव ओट्यावर जमायचं. पुरुष वर, बायका खाली. खेड्यांसाठीचा कार्यक्रम तासभर चालायचा. बी-बियाणं, खत, गुरांचे रोग, एखादं गाणं, शेवटी हवामान. रेडिओतला माणूस अगदी नौपाड्यातल्या माझ्या शाळामास्तरांसारखं बोलायचा. लोकांना तो माणूस आवडायचा, पण कळायचा अर्धाच. जपानी पद्धतीची भातलागवड त्याने इतक्यांदा समजावली, की सासरे एकदा म्हणाले, "जपान्यालाच लावनीला बोलवा, बघू किती वाकतो." कमाल तापमान म्हटलं की कुणीतरी हमखास विचारायचं, कमाल कसली झाली?

पहिल्याच आठवड्यात सासूने मला कोपराने ढोसलं. "काय बोलला गो?"

मी सांगितलं. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायचं, तरंगेल ते फोल, बुडेल ते पेरायचं. तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने वर आपल्या नवऱ्याला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाने मिठाचं पाणी केलं. मग रोजचंच झालं. रेडिओ बोलून थांबला की सासू विचारायची, "काय बोलला गो?" आणि मी सांगू लागले की वर ओट्यावरचे पुरुषही गप्प व्हायचे. भाकरी न येणारी सून आता 'रेडव्याची सून' झाली. माझ्या हातचा हंडा अजूनही कलंडत होता, पण आता कुणी हसत नव्हतं. मला फार आवडलं ते. खोटं कशाला बोलू, त्या गावात मला दुसरं काही आवडत नव्हतं.

आणि मग तुरळक.

आषाढातली संध्याकाळ होती. सकाळीच भाकरीवरून माझी यथेच्छ थट्टा झाली होती आणि मी फुगून बसले होते. रेडिओ म्हणाला, कोकणात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल. सासूने ढोसलं. "तुरलक? ह्यां कंचं गाव गो? कुनीकडं आयलं?"

कुठे कुठे, थोड्याच जागी, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण मला त्या प्रश्नाचं इतकं हसू आलं, आणि सकाळचं तोंड इतकं आंबट होतं, की मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "माळशेजच्या अंगाला आहे. लांब आहे खूप."

"आसंल," सासू म्हणाली. तिने ते वर सांगितलं. झालं.

त्या पावसाळ्यात रेडिओने तुरळक ठिकाणी किती वेळा पाऊस पाडला असेल! रोज ऐकून ऐकून गावाला त्या गावाबद्दल आपुलकीच वाटू लागली. तुरलकवाल्यांचं नशीब काय, वर्षभर ओलं. पोरगी द्यावी तर तुरलकला, पाण्यावाचून मरायची नाही. एका घरची म्हैस दोन दिवस सापडली नाही तेव्हा लोक म्हणाले, गेली असंल तुरलकला पोहायला. नवऱ्यानेही एकदा मला विचारलं, तुरलकचे लोक भात कोणतं लावत असतील? मी म्हटलं, गरवं. गरवं म्हणजे उशिरा तयार होणारं. तो मान डोलवून म्हणाला, बरोबर, एवढ्या पाण्यात तेच यायचं. माझ्या पोटात हसू मावत नव्हतं. नौपाड्याला पत्र लिहिताना मी बहिणीला ही सगळी गंमत कळवली. तिने उलट लिहिलं, आता सांगून टाक, फार वाढेल. मी मनात म्हटलं, सांगते उद्या. पण उद्या सांगायचं तर काल खोटं बोलले हे सांगावं लागतं, आणि जितके दिवस जातात तितके काल वाढत जातात.

भाद्रपदाच्या शेवटी बॅटरीची पाळी आमची आली. पुरुष शेतात बांधबंदिस्तीला. सासू म्हणाली, मी जाते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बॅटरी, पायी टिटवाळा आणि तिथून गाडीने कल्याण. बॅटरी दुकानात ठेवून यायची आणि दुसऱ्या दिवशी आणायची, म्हणजे दोन खेपा. दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा तिच्या लुगड्याच्या पदराला चार-पाच भोकं पडली होती. बॅटरीतलं अ‍ॅसिड सांडलं की कापड असं खातं. नवंच लुगडं होतं. ती पडवीत बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, नुसती. मी म्हटलं, "आय, लुगडं गेलं ना?" ती म्हणाली, "लुगड्याचं काय." आणि उठून गोठ्यात गेली. मला वाटलं, लुगड्याचंच वाईट वाटतंय.

आता त्या कापणीबद्दल लिहायला हवं. इतका वेळ मी इकडचं तिकडचं लिहीत बसले ते त्यासाठीच.

भात त्या वर्षी भरघोस आलं होतं. मिठाच्या पाण्यातून काढलेलं बियाणं, कुणास ठाऊक, त्यानेही असेल. लोंब्या ओणव्या झालेल्या. खाचरातलं पाणी आटून चिखल वर कडक, आत मऊ. चालताना पायाखाली लवायचा. विळ्याचा खर्र खर्र आवाज सगळ्या बाजूंनी. बांधाच्या बिळातून खेकडे बाहेर येऊन बघायचे आणि परत जायचे. कापलेलं भात मूठमूठ करून शेतातच आडवं पसरायचं, त्याला करपे म्हणतात. दोन-तीन दिवस उन्हात वाळले की भारे बांधून खळ्यावर न्यायचे. मी त्या वर्षी पहिल्यांदा कापणीला वाकले. तळहाताला फोड आले आणि कुणी हसलं नाही, उलट सासूने त्यावर हळद-तेल लावलं. त्या दिवसांत मला पहिल्यांदाच वाटलं, की हे आपलं गाव असू शकेल. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुन्हा कधी तसं वाटलं नाही.

जवळजवळ सगळ्या गावाचं भात आडवं झालं होतं. करपे दोन दिवस वाळले होते. संध्याकाळी सगळे दमून ओट्यापाशी आले. रेडिओतला माणूस म्हणाला, येत्या चोवीस तासांत ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी सोसाट्याच्या वाऱ्यासह मुसळधार पाऊस.

मी ताठ झाले. ठाणे जिल्हा, म्हणजे आम्ही. उद्या सकाळी गाव लागलं असतं तर दुपारपर्यंत निम्मेअर्धे तरी भारे खळ्यावर येऊन झाकले गेले असते. वर सासरे म्हणाले, "तुरलकवाल्यांचं करपं गेलं म्हंजी." ओटा हसला. कुणी म्हणालं, "बिचारी." एकाने ठरवलं, उद्याचा दिवस आणखी ऊन देऊ, परवा बांधू. बाकीच्यांनी माना हलवल्या.

सासूने मला ढोसलं. "काय बोलला गो?"

मी म्हटलं, "तेच. तुरळकला पाऊस."

ती थांबली. एवढी थांबली, की शेजारणीने मागे वळून बघितलं. मग पुन्हा विचारलं, अगदी हळू, "नीट सांग. काय बोलला?"

इतके दिवस ती एकदाच विचारायची. मला ते जाणवलं, नाही असं नाही. मी सांगितलं असतं, तर सगळा ओटा माझ्याकडे वळला असता. चार महिने मी त्यांना वेड्यात काढलं हे कळलं असतं. रेडव्याची सून संपली असती आणि राहिली असती भाकरी न येणारी. आकाश तर निरभ्र होतं. तुरळक म्हणजे कुठेतरी, आपल्याच डोक्यावर कशाला? मी म्हटलं, "तेच, आय. तुरळकला."

तिने पदर खोचला आणि उठली. आम्ही घरी गेलो, जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास माळशेजच्या अंगाने काळं आलं. भारे बांधायला धावलो, पण हातात चार-सहाच आले. चार दिवस पाऊस थांबला नाही. काळू फुगली आणि खाचरांतून करपे तरंगत बांधाला जाऊन अडकले. पाचव्या दिवशी ऊन पडलं तेव्हा शेतात सगळीकडे हिरवं होतं. कापलेल्या भाताला कोंब फुटले होते. किती कोवळं, सुंदर हिरवं होतं ते. सासरे बांधावर बसून राहिले. बायका मोठमोठ्याने रडल्या. मला रडू आलं नाही. मी आत शोधून बघितलं, काही सापडलं नाही. पोहे भिजत घातले आणि सगळ्यांना वाढले. तेव्हापासून ते तसंच आहे.

गावाने मला बोल लावला नाही. गावाने रेडिओला लावला. "तुरलकचा पानी हितं कसा आयला?" कुणी म्हणालं, पाऊस वाट चुकला. कुणी म्हणालं, रेडवा खोटं बोलतोय. दुसऱ्या बाजूचं लोकांना पटलं. त्या वर्षी खळ्यावर झोडायलाच फारसं काही नव्हतं, रेडिओची अधोली कोण काढणार? काढली असती तरी खोटारड्याला कोण भरवणार? बॅटरी उतरली ती उतरलीच. पाळी कुणाची हे विचारायचं म्हाताऱ्याने सोडून दिलं. कपाटाचं कुलूप गंजलं, दार निखळलं, आणि एका कोंबडीने आत अंडी घातली. उन्हाळ्यात सरकारी माणूस आला, कोंबडीला हुसकलं आणि पेटी दुसऱ्या गावाला घेऊन गेला. जाताना म्हणाला, तुमच्या लोकांना याची किंमत नाही. पुरुष ओट्यावर खाली माना घालून उभे होते. मी पाण्याची कळशी घेऊन तिथूनच चालले होते. त्या दिवशी ती कलंडली नाही.

त्यानंतर यांनी शहाडजवळच्या गिरणीत नोकरी धरली. मग कल्याणला खोली, मग डोंबिवली. सासरे गेल्यावर सासू आमच्याकडे आली. इथे रेडिओ होता, पुढे टीव्ही आला. बातम्या संपल्या की ती खाटेवरून विचारायची, "काय बोलला गो?" तिला आता सगळं कळत होतं, सवय जाईना. मी सांगायची. आमच्यात कधी खटका उडाला नाही. लोक म्हणायचे, सासूसुना असाव्या तर अशा.

शेवटच्या आजारपणात तिला खिडकीशी झोपवलं होतं. हेच दिवस. टीव्हीवर हवामान लागलं, तुरळक ठिकाणी पाऊस. तिने विचारलं नाही. म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती हसत होती.

"तुरलक म्हंजे गाव नाय," ती म्हणाली.

माझ्या हातात तिच्या पेजेची वाटी होती. मी म्हटलं, "आय, तुम्हांला कुणी सांगितलं?"

"कल्यानच्या बॅटरीवाल्यानं. म्या त्याला इचारलं, गाडी जाते का तुरलकला? तो हसून हसून गडबडा लोलला. मग समजावलं."

म्हणजे ती पदराला भोकं पडली ती खेप. म्हणजे कापणीच्या आधी. मी वाटी खाली ठेवली. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

तिला धाप लागायची, शब्द तोडून तोडून यायचे. "मी बोलले असते तर आख्खा गाव तुला खोटी म्हनला असता. जन्मभर म्हनला असता. तू सोता बोलली असतीस, तर नुसतं हसलं असतं नि कामाला लागलं असतं." मग म्हणाली, "भाताचं काय, दुसऱ्या वर्साला आलं. पन मी तुला दोनदा इचारलं व्हतं गो."

तिने माझा हात हातात घेतला होता. तिचा हात गरम आहे हे मला कळत होतं. माझा कसा आहे, ते कळत नव्हतं.

गावात त्या बॅटरीचं ओझं एकेका घराने आपापल्या पाळीला डोक्यावर घेतलं. कुणी चुकवलं नाही. माझ्यावर तर नुसते दोन शब्द बोलायची पाळी होती.

काल लसूण सोलून झाला. टीव्हीवर दुसरंच काही सुरू झालं होतं. नात बाहेर आली आणि माझ्या कानाशी वाकून, मी बहिरी आहे असं समजून, मोठ्याने म्हणाली, "आजी, दुसऱ्यांदा विचारतेय! काय म्हणाली ती? पाऊस कुठे पडणार?"

"इथे," मी म्हटलं. "इथेच पडणार आहे. गॅलरीतले कपडे काढ."